होकारानंतरची बोलणी

(शिक्षण-नोकरीसाठी शहरात आलेल्या तरुण-तरुणींच्या अभ्यासवर्गातील भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी फोन केला तेव्हा विषय सांगितला होता, "मुस्लिमांना भाड्याने घर मिळत नाही." मी म्हटलं, त्यावर बोलायला मला पाच मिनिटं पुरतील, कारण ऐकणाऱ्यांना ते माझ्याइतकंच माहीत आहे. मला बोलायचंय ते घर मिळतं त्या दिवसाबद्दल. घरमालक "ठीक आहे, या राहायला" म्हणतो आणि आपण घाईघाईने "थँक यू काका" म्हणून टोकन देऊन मोकळे होतो, त्या अर्ध्या तासाबद्दल.

आधी ती पाच मिनिटं उरकून टाकू. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात मुस्लिमांना घर विकत किंवा भाड्याने घेताना येणाऱ्या अडचणींची नोंद आहे. २०१५ मध्ये सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातल्या भाड्याच्या घरांचा अभ्यास 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'मध्ये मांडला. आडनाव ऐकून दलितांना आणि मुस्लिमांना नकार मिळतो हे त्यात दिसलंच. पण आणखी एक गोष्ट दिसली, जिच्याबद्दल आपण फार कमी बोलतो. ज्यांना होकार मिळाला, त्यांच्यातल्याही पुष्कळांना जादा भाड्यावर किंवा जाचक अटींवर मिळाला. खासगी मालकाने धर्मावरून घर नाकारलं तर त्याला थेट अडवणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. तो व्हायला हवा, त्यासाठी लढायलाही हवं. पण जाचक अटींचं तसं नाही. त्या करारात लिहिल्या जातात, आणि करारावर आपला अंगठा लागतो. म्हणजे तिथे आपल्याला बोलायला जागा आहे.

दहा नकार पचवून अकराव्या दारात "हो" ऐकलेला माणूस सौदा करत नाही, आभार मानतो. डिपॉझिट किती, नोटीस किती, लॉक-इन आहे का, काही विचारत नाही. विचारलं तर हेही हातचं जाईल अशी धास्ती असते. घरमालक दर वेळी वाईट असतो असं नाही. बहुतेक वेळा एजंटाचा छापील मसुदा असतो, तो दोघांनीही वाचलेला नसतो. पण तो मालकाच्या बाजूने लिहिलेला असतो आणि भाडेकरू गप्प असतो, एवढ्यावर सगळं ठरून जातं.

आता इथे बसलेल्यांपैकी किती जणांना घर पूर्ण अकरा महिने लागणार आहे? कुणाचं सहा महिन्यांचं प्रोबेशन आहे. कुणी एमपीएससीची मुख्य परीक्षा होईपर्यंत पुण्यात आहे. कुणाला आर्टिकलशिप संपली की गावी जायचंय. वडिलांच्या उपचारासाठी मुंबईत तीन-चार महिने राहावं लागणारेही आपल्यात असतातच. म्हणजे आपली गरज थोड्या काळाची, किंवा केव्हा संपेल ते सांगता न येणारी. आणि समोर येतो तो अकरा महिन्यांचा कागद. या दोन्हींचा मेळ कसा घालायचा, एवढाच खरं तर माझा विषय आहे.

मी वकील नाही. घरं बदलण्याचा अनुभव मात्र दांडगा आहे: लग्नाआधी चार, नंतर तीन. शिवाय गेली काही वर्षं मुलामुलींचे मसुदे वाचून देण्याचं काम माझ्याकडे आपसूकच आलंय.

आधी शब्द नीट समजून घ्या. इंग्रजी सिनेमात 'मंथ टू मंथ लीज' ऐकलं असेल. आपल्याकडेही १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात महिनेवारी भाडेपट्टा आहे, तो पंधरा दिवसांच्या नोटिशीने संपवता येतो. पण महाराष्ट्रात फ्लॅट भाड्याने घेताना तुमच्या हातात भाडेपट्टा नसतोच. तुमच्या हातात असतो 'लीव्ह अँड लायसन्स' करार, म्हणजे ठरावीक काळ ठरावीक रक्कम देऊन राहण्याची परवानगी. बोलीभाषेत आपण सगळ्यालाच भाडेकरार म्हणतो, मीही म्हणेन, पण फरक डोक्यात ठेवा.

असा करार इथे का रुजला, हे कळलं की समोरच्या काकांची भीतीही कळते. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला बांधली गेली आणि भाडेकरूला काढणं जवळपास अशक्य झालं. म्हणून मालक भाड्याऐवजी लायसन्सवर जागा देऊ लागले. मग १९७३ मध्ये दुरुस्ती आली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी लायसन्सवर राहत असलेलेही संरक्षित भाडेकरू ठरले. "दिलेलं घर परत मिळत नाही" हे वाक्य त्या काळातून आलंय. आज लागू आहे तो महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, अंमल २००० पासून. त्याच्या कलम २४ प्रमाणे लायसन्सची मुदत संपली की मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन घर परत मागू शकतो आणि लेखी करार हा तिथे निर्णायक पुरावा धरला जातो. म्हणजे काकांची भीती जुन्या कायद्याची आहे. नव्या कायद्यात त्यांची बाजू भक्कम आहे, आणि नोंदणी केली तर आणखी भक्कम. हे त्यांना शांतपणे सांगणं हा तुमच्या बोलणीतला पहिला डाव असू शकतो.

आता मुख्य मुद्दा, लॉक-इन. एजंटाच्या मसुद्यात मधेच कुठेतरी एक ओळ असते की इतके महिने भाडेकरूने घर सोडायचं नाही, सोडल्यास उरलेल्या महिन्यांचं भाडं द्यायचं. चौदा हजार भाड्याचं घर घेतलंत, लॉक-इन पूर्ण अकरा महिन्यांचं असलं आणि चौथ्या महिन्यानंतर कंपनीने बंगळुरूला पाठवलं, तर त्या ओळीप्रमाणे मालक सात महिन्यांचे ९८,००० रुपये मागू शकतो. प्रत्यक्षात तो डिपॉझिट ठेवून घेतो आणि तुम्ही हात जोडून निघता. आणि आपली मुलं घासाघीस कशावर करतात? "काका, पाचशे कमी करा ना." सहा महिन्यांत वाचले तीन हजार. थोड्या दिवसांसाठी घर घेणाऱ्याने भाड्यावर घासाघीस करूच नये असं माझं मत आहे. उलट भाडं सांगितलं तेवढं मान्य करावं आणि त्या बदल्यात लॉक-इन कमी करून घ्यावं.

सरळ तीन-तीन महिन्यांचे करार करू, असं कुणी सुचवेल. करता येतात, कायद्यात अडचण नाही. पण प्रत्येक वेळी नोंदणीचा खर्च आणि एजंटाची फी, आणि दर तीन महिन्यांनी मालकाला नवा विचार करायची संधी. तुम्ही जाणार ती तारीख पक्की असेल, जसं की परीक्षा किंवा कोर्सचा शेवट, तर तेवढ्याच मुदतीचा करार करा. तारीख पक्की नसेल तर अकरा महिन्यांचा करार, लॉक-इन नाही किंवा अगदी थोडं, आणि त्यानंतर नोटीस देऊन सोडायची मुभा. आपल्याकडची खरी महिनेवारी व्यवस्था हीच.

मात्र यात एक मेख आहे, आणि ती आपल्याला इतरांपेक्षा जास्त बोचते. "दोन्ही बाजूंनी एक महिन्याची नोटीस" हे वाचायला फार न्याय्य वाटतं. पण मालकाला महिन्याभरात दुसरा भाडेकरू मिळतो. तुम्हाला महिन्याभरात दुसरं घर मिळतं का? नाव सांगितल्यावर फोन ठेवला जातो, त्या बाजारात एक महिना म्हणजे चार रविवार. म्हणून नोटीस असमान मागा. आपण सोडताना एक महिना, मालकाने काढताना दोन महिने. किंवा पहिले सहा महिने लॉक-इन फक्त मालकावर. असं लिहिता येतं का? येतं. करार आहे, दोघांना मान्य असलं की लिहिता येतं. छापील मसुद्यात नाही, एवढंच.

ही बोलणी कशी होते ते बघा. समजा मिरजेची एक मुलगी हडपसरला घर बघतेय. मालक साठीचे.

"काका, घर आवडलं. भाडं चौदा म्हणालात, ते मला मान्य आहे. एक-दोन गोष्टी आधीच बोलून घेऊ का?"

"बोल की."

"माझी नोकरी सहा महिने प्रोबेशनवर आहे. नंतर कुठे पाठवतील सांगता येत नाही. करार अकरा महिन्यांचा करू, पण लॉक-इन नको."

"अगं, पण तू दोन महिन्यांत निघालीस तर? मला परत एजंट, परत साफसफाई."

"खरंय. मग तीन महिने लॉक-इन ठेवू. तीन महिने मी जात नाही, गेले तरी त्यांचं भाडं देईन. त्यानंतर महिनाभर आधी सांगेन. त्या महिन्यात तुम्ही घर दाखवायला कुणालाही आणा, आदल्या दिवशी फोन करा म्हणजे झालं. घर रिकामं पडणार नाही तुमचं."

"हं. आणि मलाच लागलं तर? मुलगा यायचं म्हणतोय दिवाळीला."

"तर मला दोन महिने द्या, काका. एकट्या मुलीला महिन्यात घर मिळत नाही, तुम्हाला माहितीच आहे."

"बघू तेव्हाचं तेव्हा."

"तेव्हा तुम्हालाही अवघड होईल, मलाही. आत्ताच लिहून टाकू. नोंदणीचा खर्च निम्मा मी देते."

"कर बाई. वकील व्हायला हवं होतंस तू."

या मुलीने काय केलं ते बघण्याआधी काय केलं नाही ते बघा. आपले वडील शिक्षक आहेत, आपण 'तसल्या' नाही, घरात रोज मटण शिजत नाही, असला एकही खुलासा तिने दिला नाही. मालकाने होकार दिला होता, म्हणजे तो विषय संपला होता. संपलेला विषय आपणच पुन्हा उकरून काढतो आणि मग बोलणी आपल्या चारित्र्याची होते, घराची राहत नाही. तिने मालकाची काळजी ओळखली. घर रिकामं पडणं, एजंटाला पुन्हा पैसे देणं, माणूस न निघणं, या तीन काळज्या प्रत्येक मालकाला असतात. त्यांतल्या पहिल्या दोन तिने हलक्या केल्या. तिसरी नोंदणी केलेला करार करतो.

दलालीबद्दल इथेच सांगते. एक महिन्याचं भाडं ही रीत अकरा महिन्यांच्या हिशेबाची आहे. तीन-चार महिन्यांसाठी घर घेत असाल तर निम्मी बोला, आणि घर बघायला जाण्याआधी बोला. चावी हातात आल्यावर दलाल काही सोडत नाही.

आता नोंदणी. यावर मी थोडी जास्त बोलणार आहे, कारण आपल्या मुलांचं सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लीव्ह अँड लायसन्स करार लेखी हवा आणि नोंदणी केलेला हवा. "अकरा महिन्यांच्या आत असला की नोंदणी लागत नाही" हे तुम्ही ऐकलं असेल. ते १९०८ च्या नोंदणी कायद्यातल्या भाडेपट्ट्याबद्दल आहे, तिथे एका वर्षावरच्या पट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे. महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्सला ती पळवाट नाही. नोंदणी करून घ्यायची जबाबदारी मालकाची आहे. केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, असं कायदा म्हणतो. शिवाय नोंदणी केलेला कागद नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, धरलं जातं. हे कलम पाठ करा, पण काकांना पहिल्याच भेटीत ऐकवू नका. कैदेची भाषा बोलणाऱ्याला कोण घर देईल?

खर्च किती? मुद्रांक शुल्क पाव टक्का. कशावर? पूर्ण मुदतीचं भाडं, अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज. (हे व्याज फक्त हिशेबापुरतं आहे, कुणी कुणाला देत नाही. मला हा प्रश्न दर वेळी विचारला जातो.) पंधरा हजार भाडं, पन्नास हजार डिपॉझिट, अकरा महिने असतील तर शुल्क पाचशेच्या आत-बाहेर. नोंदणी फी शहरात एक हजार, ग्रामीण भागात पाचशे. वर एजंटाची फी. हे ऑनलाइन होतं, अंगठ्याचं मशीन घेऊन माणूस घरी येतो, आधार लागतं, दोन साक्षीदार लागतात. स्टँप पेपरवर टाइप करून नोटरीचा शिक्का मारलेला कागद म्हणजे नोंदणी नव्हे. दोन-तीन हजार वाचवायला आपल्या वस्त्यांत सर्रास तोच चालतो.

आणि मग काय होतं? मतदार यादीत नव्या पत्त्यावर नाव लावायचं असलं की भाडेकरूकडे नोंदणीकृत करार मागतात. पासपोर्टला तसंच. नोटरीचा कागद तिथे उपयोगाचा नाही. पाच-सहा वर्षं शहरात राहून एकाही सरकारी कागदावर शहरातला पत्ता नाही अशी मुलं मला भेटतात. गावी यादीत नाव आहे की गळलं, तेही माहीत नाही. कागदपत्रांवरून आपल्या घरांत काय घालमेल होते, ते मी सांगायला नको. दोन-तीन हजारांचा हा कागद म्हणजे तुम्ही या शहरात राहता याची सरकारी नोंद आहे. सहा महिन्यांसाठी राहणार असलात तरी तो करा.

त्याच्याशी जोडलेली आणखी एक गोष्ट. अकरा महिने संपतात, संबंध चांगले असतात, काका म्हणतात, "राहा की, कशाला परत कागद?" आणि तोंडी महिना-महिना सुरू होतं. हीच आपल्याकडची खरी धोक्याची महिनेवारी. कारण मुदत संपल्यावर घर न सोडणाऱ्याकडून दुप्पट दराने भरपाई घेता येते, असं कलम २४ म्हणतं. काका मागणार नाहीत कदाचित. काकांचा मुलगा मागेल. घर विकलं तर नवा मालक मागेल. मुदत संपायच्या महिनाभर आधी नवा करार करा, तीन महिन्यांचा का होईना.

पोलिसांबद्दल गैरसमज फार आहेत. पुण्या-मुंबईसारख्या शहरांत भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवणं मालकावर बंधनकारक केलेलं असतं. ही माहिती कळवणं आहे, एनओसी नव्हे. पोलीस तुम्हाला 'मंजूर' करत नाहीत. ते काम ऑनलाइन होतं, मालकाला जमत नसेल तर त्यांच्या शेजारी बसून करून द्या आणि पोचपावती स्वतःकडेही ठेवा. सोसायटीचंही तसंच. "माझं काही नाही हो, सोसायटी नाही म्हणते," हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सदस्याने घर भाड्याने देताना सोसायटीची परवानगी घ्यायची नसते, आठ दिवस आधी कळवायचं असतं आणि कराराची व पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची असते. एखाद्या सोसायटीचे उपविधी जुने असतील तर शब्द वेगळे असू शकतात, म्हणून मालकाला ते काढून बघायला सांगा. पुष्कळ मालकांना खरंच माहीत नसतं. आणि बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी जे घेते, ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंतच घेता येतं आणि ते मालकाचं देणं आहे. मेंटेनन्स भाड्यात धरलंय की वेगळं, हे विचारताना याचंही विचारा.

चांगल्या मालकालाही कागदाची गरज असते, हे मला उशिरा कळलेलं नाही, पण लोकांना पटवायला वेळ लागतो. गावात कुठेतरी काही घडतं, व्हॉट्सॲपवर काही फिरतं, आणि मजल्यावरचे दोघे-तिघे मालकाला फोन करतात: "तुमचे ते भाडेकरू..." अशा वेळी मालक मनाने चांगला असला तरी एकटा पडतो. त्याच्या हातात "करार आहे, दोन महिन्यांची नोटीस आहे, मी काही करू शकत नाही" एवढं एक वाक्य असलं तर तो टिकतो. दोन महिन्यांत फोन थांबलेले असतात. मुदतीच्या आत आठ दिवसांत निघा म्हटलं तर सामान आवरायला घेऊ नका, आधी कराराची प्रत काढा. कुलूप बदललं, सामान बाहेर टाकलं तर नोंदणीकृत करार घेऊन पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. "दिवाणी मामला आहे" म्हणतील. तरी द्या आणि पोच घ्या. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मोफत वकील मिळतो, आणि स्त्रियांना तर उत्पन्नाची अटही नाही.

आता आपल्या मोहल्ल्याकडे येते. इथे काही जण अस्वस्थ होतील, होऊ द्या. बाहेर नकार मिळतो म्हणून आपण कोंढव्यात, मुंब्र्यात, मालेगावात आपल्या माणसाकडे जातो. तिथे नकार नाही, पण कागदही नाही. "अपनेच आदमी आहेत, लिखापढी कशाला?" एकाच खोलीत सहा मुलं, प्रत्येकाकडून रोख डिपॉझिट, पावती नाही. सोडताना "भांजे, पुढच्या जुम्म्याला ये." असे किती जुम्मे? बाहेरच्या मालकाशी बोलताना जी मुलगी कलमं पाठ म्हणते, तीच इथे मामू नाराज होतील म्हणून गप्प बसते. देणं-घेणं लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, यावर कुरआनमधली सगळ्यात मोठी आयत आहे, सूरह बकराची २८२वी. डिपॉझिट म्हणजे तुमचे पैसे दुसऱ्याकडे आहेत. ते लिहिणं हा अविश्वास नाही, हे मामूंना सांगायला याहून चांगला आधार मिळणार नाही.

हेवी डिपॉझिटचंही तसंच. पाच-सात लाख एकरकमी द्यायचे, भाडं नाही किंवा नावापुरतं, सोडताना पैसे परत. थोड्या दिवसांसाठी राहणाऱ्याने या वाटेला जाऊच नये. तुम्हाला महिनाभरात निघायचं असतं आणि मालकाने ती रक्कम दुसरीकडे गुंतवलेली असते. पुढचा भाडेकरू पैसे देईल तेव्हा तुमचे मिळणार. हे व्याजाचंच दुसरं रूप आहे का, यावर उलेमांना विचारा. पैसे अडकतात हे मात्र मीच सांगते.

डिपॉझिटबद्दल आणखी एक. "दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही, नवा कायदा आलाय," असे रील फिरतात. तो केंद्राचा २०२१ चा नमुना कायदा आहे. राज्याने तसा कायदा केला तरच लागू होतो. महाराष्ट्रात १९९९ चाच कायदा चालू आहे. रील दाखवून भांडायला जाल तर हसं होईल. डिपॉझिट बोलूनच कमी करून घ्यावं लागतं, आणि मुदत थोडी असेल तर ते रास्त कारण आहे. तीन महिन्यांच्या राहण्याला तीन महिन्यांचं डिपॉझिट कशाला?

नाव. काही जण हिंदू मित्राच्या नावाने करार करतात आणि आपण राहतात. नाइलाज मला कळतो. पण मग डिपॉझिट कागदावर त्याचं, पत्त्याचा पुरावा त्याचा, आणि तुम्ही त्या घरात कायद्याने पाहुणे. माझं म्हणणं, पहिल्या फोनवर नाव सांगा. नकार यायचाच असेल तर तो फोनवर येऊ दे, रिक्षाचे दीडशे रुपये तरी वाचतील. मांसाहाराचंही आधी विचारा. "चालणार नाही" म्हणाले आणि तुम्हाला चालवून घ्यायचं नसेल तर पुढचं घर. करारात सही करून चोरून शिजवणं नको, त्या एका ओळीवर घर जातं. आई-वडील येऊन आठ-पंधरा दिवस राहतील, हेही लिहून घ्या. बुरख्यातली आई जिन्यात दिसल्यावर कुणाला काय आठवेल, सांगता येत नाही.

ताबा घेताना घराचे फोटो, मीटरचं रीडिंग, आधीचं वीजबिल भरलंय की नाही ते, सगळं त्याच दिवशी मालकाच्या व्हॉट्सॲपवर पाठवा. भाडं बँकेतून द्या. सोडताना नोटीस लेखी द्या, मेसेज चालेल अशी ओळ करारातच घाला. रंगाचे पैसे कापणार असतील तर किती, तेही आधी लिहा; चार महिने राहिलेल्याकडून पूर्ण घराच्या रंगाचे पैसे घेणं कुठल्याच हिशेबात बसत नाही. चावी आणि डिपॉझिट एकाच वेळी, एकाच टेबलावर. मुदतीआधी सोडत असाल तर ताबा परत दिल्याचं पत्र दोघांच्या सहीने करा, कारण नोंदणीत तुमचा करार शेवटच्या तारखेपर्यंत जिवंत दिसतो. उद्या त्या घरात काही झालं तर कागदावर तुम्ही तिथे असता.

बस, एवढंच. दोघी-तिघी आपापले मसुदे घेऊन आल्या आहेत असं कळलंय. ते पुढे द्या, आधी लॉक-इनची ओळ कुठे आहे ते शोधू, मग बाकीचे प्रश्न घेऊ.